वाचकांचे प्रश्न : तालुक्याच्या गावी परवडणारं घर

प्रश्न : आम्ही ठाण्यात भाड्याने राहतो. दोन वर्षांनी निवृत्त होईन. सगळे मिळून ३० लाख रुपये हाताशी असतील आणि कर्ज काढायचं नाही. नातेवाईक वाई सुचवतात, मुलगा कराड म्हणतो, एका एजंटाने संगमनेरजवळची स्कीम दाखवली आहे. गाव कसं निवडावं?

उत्तर : आधी ३० लाखांतून घराची खरी किंमत वेगळी काढा. मुद्रांक शुल्क नगरपालिका हद्दीत वेगळं आणि ग्रामपंचायत हद्दीत वेगळं असतं. हिशेबासाठी ६ टक्के धरलं, तर २६.५ लाखांच्या घरावर १ लाख ५९ हजार होतात. नोंदणी फी १ टक्का, म्हणजे २६,५०० (ही फी ३० हजारांच्या वर जात नाही). उरलेल्या दीडेक लाखात वकील, गळती, रंग, वायरिंग, पाण्याची जादा टाकी आणि सामानाचा टेम्पो बसवायचा. म्हणून ३० लाखांचं घर बघायलाच जाऊ नका, २६-२७ च्या आतलं बघा. राहतं घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलंत, तर शुल्कात १ टक्का सवलत मिळते. शुल्क करारातली रक्कम आणि सरकारी मूल्यदर तक्त्यातला भाव यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं, त्यामुळे 'कागदावर कमी दाखवू' या बोलण्याला फारसा अर्थ उरत नाही.

आता गाव. तुमच्या वयाला पहिली कसोटी दवाखान्याची. 'गावात हॉस्पिटल आहे का' याला सगळीकडे 'हो' असंच उत्तर येतं. विचारायचं ते असं : रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर अँजिओप्लास्टी होते ते ठिकाण किती मिनिटांवर? आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागलं तर कुठे? कराडला आणि मिरजेला वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, मराठवाड्यात अंबाजोगाईला सरकारी महाविद्यालय आहे. तालुक्याच्या गावांत ही मोठी जमेची बाजू. वाई राहायला सुरेख, पण मोठ्या उपचारासाठी सातारा गाठावं लागतं, ते साधारण ३५ किलोमीटर.

दुसरी कसोटी पाण्याची. नळाला दिवसाआड येतं की आठवड्याने, हे विक्रेत्याला विचारू नका. गल्लीतल्या किराणा दुकानात विचारा, नाहीतर मान वर करून गच्च्या बघा. प्रत्येक घरावर दोन-दोन, तीन-तीन टाक्या असतील तर पाणी कसं येतं ते कळलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, आणि लातूर हे जिल्ह्याचं ठिकाण. टँकरवर चालणाऱ्या वसाहतीत स्वस्त घर घेतलं, तर फरकाची रक्कम दर उन्हाळ्यात टँकरवाल्याला जाते.

तिसरी जाण्यायेण्याची. संगमनेर पुणे-नाशिक रस्त्यावर आहे, गाड्या भरपूर, पण रेल्वे नाही. वाईलाही नाही. चिपळूण आणि सावंतवाडी कोकण रेल्वेवर आहेत, मात्र सावंतवाडीचं स्टेशन गावाबाहेर. स्टेशनापासून घरापर्यंत रात्री रिक्षा मिळते का, एसटीची शेवटची गाडी किती वाजता, हे जाऊनच कळतं. 'इथे रेल्वे येतेय, मग भाव दुप्पट' या वाक्यावर एक रुपयाही जास्त देऊ नका. अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग गेल्या शतकात, नव्वदीच्या दशकात मंजूर झाला आणि बीडला पहिली गाडी पोचली सप्टेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात 'स्टेशनजवळचे प्लॉट' विकत घेतलेल्यांची एक पिढी म्हातारी झाली.

भाव खरा किती, हे दोन बाजूंनी तपासा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गावाचं नाव आणि मिळकत क्रमांक टाकला की नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २ दिसते, तिच्यात मोबदल्याची रक्कम असते. त्याच इमारतीतले किंवा शेजारच्या गटातले गेल्या दोन-तीन वर्षांतले दस्त काढा. एजंटाने सांगितलेला भाव आणि ही रक्कम यांत तफावत दिसली की बोलणी कुठून सुरू करायची ते समजतं. दुसरी बाजू भाड्याची. त्याच इमारतीतला तसाच फ्लॅट महिना ६ हजारांनी भाड्याने जात असेल, तर वर्षाचे ७२ हजार झाले. त्यासाठी ३० लाख मागणं म्हणजे २.४ टक्के परतावा. अशा ठिकाणी भाड्याने राहून पैसे ठेवीत ठेवणं जास्त शहाणपणाचं. छोट्या गावात भाडी खरी असतात, विक्रीचे भाव पुष्कळदा इच्छेचे असतात.

दोन गावं नक्की झाली की एकेका ठिकाणी घर भाड्याने घ्या, आणि त्या मुक्कामात मे आणि जुलै हे दोन महिने आलेच पाहिजेत. मे महिन्यात पाणी आणि वीज कळते, जुलैत रस्ता, गटार आणि छप्पर. डिसेंबरात सगळीच गावं छान दिसतात. शेवटी, घर पुन्हा विकावं लागलं तर छोट्या गावात गिऱ्हाईक मिळायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. म्हणून गावाबाहेरच्या टेकडीवरचा बंगला टाळा, स्टँडपासून चालत जाता येईल असा साधा दोन खोल्या-किचनचा फ्लॅट आधी बघा. आमचं मत विचाराल तर तुमच्या तिन्हींत कराड.

प्रश्न : शहरालगत दोन गुंठ्यांचा प्लॉट फारच कमी भावात मिळतोय. विकणारा म्हणतो, 'सातबाऱ्यावर तुमचं नाव लावून देतो.' सातबाऱ्यावर आत्ताच चौदा नावं आहेत. घ्यावा का?

उत्तर : चौदा नावांच्या सातबाऱ्यात पंधरावं नाव तुमचं लागलं, तर तुम्ही सामाईक क्षेत्रातल्या एका हिश्शाचे मालक होता. रस्त्याकडेचा तो दाखवलेला चौकोन तुमचा होत नाही. चौकोन तुमचा व्हायला मंजूर रेखांकन (प्लॉट पाडल्याचा नकाशा) लागतं, किंवा रीतसर मोजणी होऊन पोटहिस्सा पडावा लागतो.

सातबारा हातात घेऊन असा वाचा. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत निघतो, विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. वर भूधारणा पद्धती बघा. 'भोगवटादार वर्ग १' असेल तर पुढे चला. 'वर्ग २' असेल तर विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती 'मिळवून देऊ' असं सांगणाऱ्याला 'मिळाल्यावर या' असं उत्तर द्या. मग नावं. कंस केलेली नावं कमी झालेली असतात, त्यांच्यापुढे फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, क्रमांक असतो. त्यातला प्रत्येक फेरफार काढून वाचा. बहिणींची नावं कुठे गळली, कोणत्या वाटणीने गळली, ते तिथेच सापडतं. नंतर उजवीकडचा 'इतर हक्क' रकाना. विकास सोसायटीचा बोजा, बँकेचं तारण, कुळाचं नाव, 'तुकडा' हा शेरा, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं याच रकान्यात दडलेलं असतं. शेवटी खाली 'प्रलंबित फेरफार' आहे का ते पाहा. असेल तर 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोटीस वाचा. तुमच्याआधी कुणी तोच हिस्सा घेतलेला असू शकतो.

शेतजमीन म्हणून घेत असाल तर आणखी एक अडचण : शेतकरी नसलेल्याला कूळकायद्याच्या कलम ६३ खाली परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आणि जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. शासनाने लहान तुकड्यांच्या व्यवहारांना अलीकडे सवलती दिल्या आहेत, विकणारे त्याचा गाजावाजाही करतात. पण दस्त नोंदला गेला म्हणून रस्ता मिळाला किंवा बांधकाम परवानगी मिळाली असं होत नाही. गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले लहान प्लॉट, नियमित करण्याच्या कायद्यातही ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीलाच जागा आहे. नव्याने पाडलेल्या तुकड्याला 'नंतर गुंठेवारीत बसवू' हे सांगणं फसवं आहे.

प्लॉटच हवा असेल तर हे कागद मागा : अकृषिक आदेश किंवा रूपांतर कर भरल्याची सनद, नगररचना विभागाने मंजूर केलेलं अंतिम रेखांकन, प्लॉट क्रमांकासह स्वतंत्र सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, आणि मोजणीची 'क' प्रत (मोजणीचा नकाशा). रेखांकन 'तात्पुरतं मंजूर' असेल तर थांबा. रस्ते, गटार, खुली जागा प्रत्यक्ष आखून झाल्यावरच अंतिम मंजुरी मिळते, आणि बरेच विकासक प्लॉट विकून त्याआधीच मोकळे होतात. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असल्याचं सांगत असतील, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ड चा फायदा मिळू शकतो, म्हणजे अकृषिक परवानगी वेगळी काढावी लागत नाही. पण तो प्रादेशिक योजनेत तो पट्टा राहण्यासाठी ठेवला असेल तरच, म्हणून झोन दाखला आणि भाग नकाशा हवाच. दोन्ही नगररचना कार्यालयात अर्ज करून, ठरलेली फी भरून मिळतात.

खरेदीच्या आधी भूमी अभिलेखकडून 'हद्द कायम' मोजणी करून घ्या. शेजाऱ्याचं कुंपण दोन फूट आत आलेलं असतं ते तेव्हाच दिसतं, आणि तेव्हा तो प्रश्न विकणाऱ्याचा असतो.

प्रश्न : भोर तालुक्यातल्या एका गावात जुना वाडा विकाऊ आहे. कागद म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात. तेवढं पुरेसं आहे का?

उत्तर : नाही. नमुना ८ हा घरपट्टी आकारणीचा उतारा. घरपट्टी कोण भरतं ते तो सांगतो, मालक कोण हे सिद्ध करत नाही. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो आणि पूर्वी दुसरा कागदही नसायचा. आता स्वामित्व योजनेत, म्हणजे एप्रिल २०२० पासून, ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मालमत्ता पत्रक देतात. त्या गावाची मोजणी झाली आहे का, सनद निघाली आहे का, ते तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात विचारा. झाली असेल तर पत्रकावर नाव आणि क्षेत्र कुणाचं आहे ते बघा. झाली नसेल तर विक्रेत्यानेच ते काम पूर्ण करून द्यावं, किंमत ठरवताना ही अट घाला. बहुतेक बँका नुसत्या नमुना ८ वर कर्ज देत नाहीत, तेव्हा उद्या तुमच्याकडून घेणाऱ्यालाही ते मिळणार नाही.

वाड्यात कागदाइतकीच अडचण माणसांची. वडिलोपार्जित घर असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, आणि २००५ पूर्वी वडील वारले असले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. 'बहिणींनी तोंडी सोडलंय' हे चालत नाही. एकतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर सगळ्या वारसांनी खरेदीखतावर सह्या कराव्यात. मुंबईच्या काकूंची सही राहिली म्हणून पाच वर्षं अडलेले वाडे कोणत्याही तालुक्यात दाखवता येतील. मागच्या खोलीत किंवा माडीवर कुणी राहत असेल तर तो भाडेकरू, नोकर की नातेवाईक, हे लेखी घ्या आणि खोली रिकामी झाल्यावरच उरलेली रक्कम द्या.

बांधकाम बघताना तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहा. तो सहज आत गेला तर वाळवी किंवा कुज आहे, आणि ती एका तुळईत थांबत नाही. मातीच्या भिंतीला कुणी सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल आत कोंडते. पायाजवळ पोपडे आणि पांढरा क्षार दिसला की दुरुस्तीचा खर्च अंदाजापेक्षा मोठा धरा.

प्रश्न : पती-पत्नी दोघं मिळून वर्षाला ८ लाख कमावतो. तालुक्याच्या गावी ३० लाखांचा फ्लॅट बघितला. कर्ज किती मिळेल? व्याजात सवलत आहे का?

उत्तर : रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते. 'पर्यंत' या शब्दाकडे लक्ष द्या. बँक स्वतःच्या मूल्यांकनकर्त्याचा आकडा धरते, आणि छोट्या गावात तो मागितलेल्या किमतीपेक्षा हमखास कमी येतो. ३० लाखांचं मूल्यांकन २६ लाख आलं, तर कर्ज फार तर २३ लाख ४० हजार, उरलेले ६ लाख ६० हजार तुमचे. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घराच्या किमतीत धरत नाहीत (१० लाखांपर्यंतच्या घराला अपवाद). म्हणून विसार देण्याआधी बँकेकडून कागदपत्रांची प्राथमिक छाननी करून घ्या. बँकेच्या वकिलाने नकार दिला तर तो फुकटात मिळालेला इशारा समजा.

सवलत आहे. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान मिळतं. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. देशात कुठेही तुमच्या किंवा कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नसावं. इथे हद्द महत्त्वाची ठरते : योजना शहरी असल्याने फ्लॅट नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत आहे का, ते आधी पाहा. रस्त्याच्या पलीकडे ग्रामपंचायत सुरू होत असेल तर 'शहरातच आहे' या शब्दावर राहू नका.

प्रश्न : बिल्डर म्हणतो, 'आमच्या इमारतीत आठच फ्लॅट आहेत, रेरा लागत नाही.' खरं आहे का?

उत्तर : खरं असू शकतं. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागत नाही. मात्र एकाच प्लॉटवर 'ए' विंग आठ फ्लॅट, 'बी' विंग आठ फ्लॅट अशी वाटणी दाखवत असेल, तर टप्पे एकत्रच मोजले जातात.

नोंदणी नसली की महारेराचा आधार नाही, त्यामुळे जबाबदारी तुमच्यावर येते. मंजूर नकाशा घ्या आणि प्रत्यक्ष मजले मोजा. तिसरा मजला नकाशात नसतो, अशा इमारती तालुक्याच्या गावांत पुष्कळ आहेत. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला हरकत नसल्याचा दाखला) मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. वीज मीटर आला, नळ जोडला, म्हणजे भोगवटा मिळाला असं नसतं. सदनिका विक्रीबाबतच्या १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डरला २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि रेरा प्रकल्पात ती मर्यादा १० टक्के आहे. क्षेत्रफळ चटईचं, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेचं, सांगायला लावा. 'सुपर बिल्टअप ८५०' म्हणजे आत राहायला किती, हे टेप घेऊनच कळतं.

प्रश्न : चिपळूणला बाजारपेठेजवळचा तळमजला बराच स्वस्त मिळतोय. काही धोका?

उत्तर : २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, स्वस्ताई त्यातून आली आहे. जलसंपदा विभागाच्या नकाशात निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला परवानगी मिळत नाही, म्हणजे इमारत पडली तर पुन्हा बांधण्याचाही प्रश्न उभा राहतो. नगरपरिषदेकडून त्या गटाचा पूररेषा दाखला मागा. शेजारच्या दुकानदाराला पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ते विचारा, बहुतेकांनी खूण केलेली असते. वरचा मजला आणि लाल रेषेबाहेर अशी दुसरी जागा त्याच गावात मिळते. महाड आणि सांगलीलाही हेच तपासावं.

प्रश्न : यवतमाळला नझूलच्या जागेवरचं घर मिळतंय. नझूल म्हणजे नेमकं काय अडतं?

उत्तर : जमीन सरकारची, तुम्हाला मिळतो तो भाडेपट्टा. पट्ट्याची मुदत कधी संपते, नूतनीकरण झालंय का, हस्तांतराला परवानगी घेतली होती का आणि शर्तभंगाची नोंद आहे का, हे चार कागद जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नझूल शाखेतून घ्या. मुदत संपलेला पट्टा असेल तर नूतनीकरण विक्रेत्याने करून द्यावं, खर्च त्याचा.

प्रश्न : विसार किती द्यावा? विक्रेता २ लाख रोख मागतो.

उत्तर : स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात मना आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. हे त्याला सांगा, तो चेक घेईल. विसार ५० हजारांच्या आत ठेवा. पावतीवर मिळकतीचं वर्णन, ठरलेली किंमत आणि 'शोध अहवालात दोष निघाल्यास विसार परत' हे वाक्य असू द्या. वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि स्थानिक खपाच्या वर्तमानपत्रात १५ दिवसांची जाहीर नोटीस द्या. गावात ती वाचली जाते, आणि वाद असेल तर तिसऱ्या दिवशी फोन येतो. विक्रेत्याऐवजी मुखत्यार सही करणार असेल, तर मुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे का आणि देणारा हयात आहे का, ते तपासा. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे.

खरेदीखत झाल्यावर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. फेरफार मंजूर होऊन नाव लागलेला उतारा हातात येईपर्यंत तलाठी कार्यालयात जात राहा. त्याच आठवड्यात महावितरणचं बिल आणि घरपट्टी नावावर करून घ्या. जुन्या थकबाकीची पावती विक्रेत्याकडून आधीच घेतलेली असावी, कारण नंतर तो फोन उचलत नाही.